बारा ग्रॅम भीती

"शंभर!" ब्लागोयाने तराजूला डोळा लावून आरोळी ठोकली. "बरोब्बर शंभर ग्रॅम. केसाइतकासुद्धा फरक नाही."

अंगणातल्या दीडदोनशे माणसांनी मान डोलावली. ब्लागोया रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेला, उभा जन्म वजनं करण्यात गेलेला. त्याने शंभर म्हटलं म्हणजे शंभर. अर्सो आजोबांनी तेवढ्याचसाठी तराजू त्याच्या हाती दिला होता. चांगला बुवा साक्षीदार निवडताना फार काळजी घेतो.

अर्सोने शिशाचा तो तुकडा लोखंडी पळीत टाकला, पळी शेगडीवर धरली आणि टोपलीतून काटेरी झाडाची एक बोटभर जाडीची काठी काढली. समोरच्या तिवईवर लाल कापडाखाली चार वर्षांची दुन्या बसली होती. तिच्या डोक्यावर तिच्या आजीने, रायनाने, पाण्याची परात धरली होती. अर्सो पळीतलं शिसं काठीने ढवळू लागला आणि विस्तवावर मूठभर सुकी तुळस टाकून त्याने धूर केला.

"ये भीती, ये! हाडातून ये, रक्तातून ये! तू कुत्र्याची आहेस का? विजेची आहेस का? मेलेल्याची आहेस का? अर्सोपुढे कोणाचं चालत नाही. पोटातली आतडी सोड, शिशावर येऊन बस!"

आणि त्याने वितळलेलं शिसं परातीत ओतलं. चर्रकन आवाज झाला, वाफ उसळली, बायकांनी छातीवर क्रूस काढला. पाण्यातून निघालेला वेडावाकडा गोळा पुसून ब्लागोयाने पुन्हा तराजूवर ठेवला.

"एकशे नऊ!"

"नऊ ग्रॅम!" अर्सोने गोळा उंच धरला. "मागच्या रविवारी सात निघाली होती, आज नऊ. शाळेत शिकलेल्यांनो, सांगा बरं, हे जास्तीचं शिसं आलं कुठून? आकाशातून पडलं? अरे, तुमच्या कारखान्यानं जे या लेकरात भरलं, ते तिची भीती पाठीवर घेऊन बाहेर आली!"

मग परातीतल्या पाण्याचे तीन घोट दुन्याला पाजले. रीतच होती तशी. पोरीने तोंड वाकडं केलं. गर्दीच्या कडेला उभी असलेली तिची आई नेवेंका मुठी आवळून बघत राहिली.

शिसं ओतून भीती उतरवणं तोपोल्नो गावात नवं नव्हतं. वार्दर नदीच्या खोऱ्यात घरोघरच्या आज्या ते करत आल्या होत्या; लेकरू झोपेत दचकलं की चमचाभर शिसं, थोडं पाणी, दोन शब्द पुटपुटायचे आणि काम झालं. त्या बिचाऱ्या कधी तराजू घेऊन बसल्या नाहीत. अर्सो मात्र हुशार. त्याने ओळखलं, की ज्या गावात शिसं वितळवण्याचा कारखाना आहे, जिथे चिमणी रात्रंदिवस धूर ओकते आणि पोरं फिकट पडत चालली आहेत, तिथे लोकांना भीतीपेक्षा शिशाची भीती जास्त. म्हणून त्याने दोन्ही एकत्र बांधली आणि वर वजनाचा पुरावा दिला. पैशाला शिवायचा नाही. चीज, मध, घरची दारू, डुकराची तंगडी एवढंच काय ते गोड मानून घ्यायचा.

नेवेंकाला हे सगळं बोलून दाखवता येत नव्हतं आणि तिच्याइतकं त्या गावात कोणाला ठाऊकही नव्हतं. कारखान्याच्या दवाखान्यात ती रक्त तपासायची. रक्ताचा एक थेंब यंत्रातल्या कोळशाच्या बारीक नळीत जायचा, दोन हजार अंशांवर जळायचा, त्या वाफेतून प्रकाशाचा किरण सोडला की शिसं जितकं असेल तितका प्रकाश गिळायचं. बाजूला आकडा उमटायचा. आकडे वहीत, वही डॉक्टर स्पिरोव्हच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली स्पिरोव्हच्या खिशात. एकही आकडा बाहेर सांगणार नाही, अशा कागदावर नोकरी धरताना तिने सही केली होती.

वसंतात दुन्याचं पोट दुखू लागलं. मग ती झोपेत किंचाळून उठायला लागली, येत असलेले शब्द विसरायला लागली. नेवेंकाने चोरून तिचं रक्त तपासलं. अडतीस. शंभर मिलिलिटर रक्तात इतके मायक्रोग्रॅम शिसं; मुलांच्या रक्तात दहासुद्धा असता कामा नये.

"नमुना खराब झालाय," स्पिरोव्ह म्हणाला. "अगं, या गावात कापसालासुद्धा शिसं लागलेलं असतं. बोटावरची धूळ नळीत पडली असणार. घरी जा आणि पोरीला दूध पाज."

हे अगदीच खोटं नव्हतं. पण अशा वेळी काय करायचं ते नेवेंकाला शिकवलेलं होतं. रक्त न घालता, नुसतं शुद्ध पाणी त्याच सुईने, त्याच नळीत, त्याच हाताने भरायचं आणि यंत्रात घालायचं. त्या रिकाम्या नळीत शिसं दिसलं, तर ते सुईचं किंवा हाताचं, माणसाचं नव्हे. तिने तीनदा करून पाहिलं. रिकामी नळी तिन्ही वेळा स्वच्छ निघाली आणि दुन्याची अडतीस.

अर्सोच्या पहिल्या ओतणीनंतर आकडा सेहेचाळीस झाला. दुसरीनंतर अठ्ठावन्न. परातीतलं उरलेलं पाणी तिने औषधाच्या बाटलीत भरून नेलं होतं, ते यंत्रात घातलं तर आकडा मोजमापाच्या पलीकडे गेला. म्हणजे जो माणूस तिच्या लेकीतून शिसं काढत होता, तोच तिला ते धुरातून हुंगवत होता आणि घोटाघोटाने पाजत होता.

घरी तिने हे सांगितलं नाही असं नाही. नवरा स्टोयचे भट्टीवर कामाला. तो म्हणाला, "तुझा साहेबच म्हणतो ना, की नमुने खराब होतात? मग तुझा आकडा खरा आणि ब्लागोयाचा तराजू खोटा, असं कसं? तराजू मी डोळ्यांनी पाहिला."

"अरे, पोरगी बिघडत चाललीय, ते दिसत नाही?"

"बाहेर निघताना त्रास होणारच, असं आजोबा म्हणाले."

सासूबाई तर त्याच्याही पुढे. "नेवेंका, या घरात मी तीन मुलं वाढवली. एकालाही सुई टोचली नाही. तुझ्या त्या यंत्रानं पोरीला अजून काय दिलं गं? नुसता आकडा!"

नेवेंकाची बहीण लेपा स्कोप्ये शहरातल्या मुलांच्या इस्पितळात परिचारिका होती. तिने खाट मिळवली, रक्तातलं शिसं उतरवायचं औषध तयार ठेवलं आणि नेवेंका एका सकाळी दुन्याला घेऊन गेलीसुद्धा. दिवस मावळायच्या आत स्टोयचे मागोमाग आला आणि बापाच्या हक्काने पोरीला उचलून घरी घेऊन गेला. आता तिसरी ओतणी यायची होती. तिसरीनंतर चाळीस दिवस मुलाने उंबरा ओलांडायचा नाही आणि अंगाला सुई लावायची नाही, असा अर्सोचा दंडक. चाळीस दिवस! अठ्ठावन्नवर असलेल्या चार वर्षांच्या मुलीला चाळीस दिवसांत फेफरं येऊ शकतं, ती कायमची मंद होऊ शकते. नेवेंकाने हे आकडे रोज हाताळले होते. घर सासूचं, सही साहेबाकडे, नवरा बुवाकडे. वळेल तिकडे भिंत.

लेकीला पळवून भागणार नव्हतं, हे तिला कळून चुकलं होतं. ती पुन्हा परत आणली जाणार. आधी तराजूवरचा विश्वास मोडायला हवा होता. कामावर, नळ्या धुता धुता, ती एकदम थांबली. अर्सोने आजवर कधी रिकामी नळी तपासली होती का?

तिसऱ्या ओतणीचे नियम अर्सोनेच घालून दिले होते. पहाटेपासून मुलाशी कोणी बोलायचं नाही. घरातूनच लाल कापड पांघरून आणायचं, वाटेत कापड उचलायचं नाही, कारण शेवटची भीती चलाख असते, ओळखीचा चेहरा दिसला की परत आत शिरते. आणायचं फक्त आईने. भोंदू माणूस गर्दीला दिपवण्यासाठी जितके नियम करतो, तितक्या ठिकाणी तो स्वतःही बांधला जातो. नेवेंकाने सगळे नियम तंतोतंत पाळायचं ठरवलं.

रविवारी रायना परात घेऊन तासभर आधीच पुढे गेली, पहिला नंबर लागावा म्हणून. स्टोयचे रात्रपाळी संपवून परस्पर अर्सोच्या अंगणात जाणार होता. तेवढ्या वेळात लेपाची गाडी दाराशी आली आणि दुन्या मागच्या सीटवर बसून स्कोप्येच्या रस्त्याला लागली. शरदातली मोकळी हवा होती, गल्लोगल्ली लाल मिरच्या भाजल्या जात होत्या, आणि नेवेंकाच्या घरीही मिरच्यांची पोती पडलेली होती. तिने एक अर्धं पोतं उचललं, वर एक गोल भोपळा बसवला, दोरीने नीट आवळलं आणि लाल कापड पांघरलं. लेकीएवढं ते ओझं कडेवर घेऊन ती रस्त्याने निघाली. वजन काठीतून येतं, हा तिचा नुसता तर्क होता. काठीत काही नसेल तर? आज वजन वाढलंच नाही तर? मग गावात वेडी म्हणून तिची धिंड निघणार आणि दुन्या संध्याकाळी परत या घरात येणार.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तिने ओझं तिवईवर ठेवलं आणि पडू नये म्हणून मागून धरून बसली. रायनाने परात वर धरली. काळवंडलेल्या कामाच्या कपड्यांत स्टोयचे पुढच्या रांगेत उभा होता.

अर्सोने कापडाकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"आहा हा! बघितलंत? कशी थरथरतेय! तिला ठाऊक आहे, आज तिचा शेवट आहे."

"थरथरतेय हो, खरंच थरथरतेय," एक बाई हुंदका देत म्हणाली.

थरथरत होते ते नेवेंकाचे हात.

"ही भीती साधी नाही," अर्सो म्हणाला आणि त्याने टोपलीतली सर्वात जाड काठी निवडली. "बोल गं भीती! किती वर्षांची आहेस?" मग बारीक आवाज काढून स्वतःच, "चार वर्षांची!" पुन्हा जाड आवाजात, "कुठे लपलीस?" पुन्हा बारीक, "काळजाच्या मागे, बाबा! मला जाळू नका, बाबा!"

"शंभर!" ब्लागोया ओरडला. शिसं पळीत पडलं, काठी फिरली, तुळशीचा धूर झाला. अर्सोने कापडावरून अलगद हात फिरवला, पण दाबून पाहिलं नाही. त्याला पाहायचंच नव्हतं. चर्रकन आवाज आला. गोळा निघाला, पुसला गेला, तराजूवर चढला.

"एकशे बारा!"

"बारा ग्रॅम!" अर्सो गरजला. "एवढ्याशा जिवातून बारा ग्रॅम भीती! आता पोर सोन्यासारखी झाली. हसतेय बघा, कापडाखाली हसतेय!"

नेवेंका उठली आणि तिने कापड ओढलं.

तिवईवर मिरच्यांचं पोतं होतं आणि त्यावर भोपळा. मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि रायनाच्या हातातली परात खाली आदळली.

"दुन्या!" ती किंचाळली. "पोरीचा भोपळा केला!"

"आई, दुन्या ठीक आहे, लेपाजवळ आहे," नेवेंका म्हणाली. "मी भोपळाच आणला होता. भोपळ्याच्या काळजामागून बारा ग्रॅम भीती निघाली. आजोबा, याचं वय किती म्हणालात? चार वर्षं?"

अर्सो कच्चा नव्हता. "चेटूक!" तो ओरडला. "हिनं विधी बाटवला! मी भीती मुलीचीच काढली, मुलगी कुठेही असो! अर्सोचा हात दहा डोंगरांपलीकडे पोचतो!"

"आणि तसं पाहिलं तर," ब्लागोया तराजू छातीशी धरून म्हणाला, "आपल्याकडच्या भोपळ्यातसुद्धा शिसं असणारच की. माती आपलीच आहे."

लोक चुळबुळले. दोनचार माना डोलल्या. भोपळा उघडा पडला तरी ही माणसं वाट काढत होती.

"ब्लागोयाकाका, तुम्ही वजनाचे जाणकार," ती म्हणाली. "दुन्याच्या अंगातलं सगळं रक्त काढलं, तर सव्वा लिटर भरेल. त्या सगळ्या रक्तात मिळून शिसं आहे एका ग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढ्यानं ती अंथरुणाला खिळत चाललीय. हाडांतलं धरलं तर त्याच्या कितीतरी पट होईल, पण ग्रॅम होणार नाही. सात, नऊ आणि आज बारा. एवढं शिसं अंगात असतं, तर आपण तिला केव्हाच पुरलं असतं. तुमचा तराजू खरा आहे, काका. बारा ग्रॅम आलेच. फक्त ते कोणातून आले नाहीत. शिशाला बाहेरून लागलं काय काय? पळी आणि काठी. पळी तर रिकामीच होती, तुम्ही सगळ्यांनी पाहिलीत."

कोणी काही बोलायच्या आत स्टोयचे पुढे आला. टोपलीला त्याने हात घातला तसा अर्सो त्याच्या अंगावर धावला, पण भट्टीवरच्या माणसाच्या दंडापुढे त्याचं काय चालणार? स्टोयचेने एक न वापरलेली काठी घेतली आणि तिचं टोक शेगडीच्या आचेवर धरलं. टोकावरची काळी साल चकाकली, पाझरली आणि थेंब थेंब गळू लागली. साल नव्हतीच ती, कोळशाची पूड कालवलेलं मेण होतं. मेणामागच्या पोकळीतून एक छर्रा टपकन फरशीवर पडला. मग दुसरा. मग काठी झटकताच चिमूटभर छर्रे सगळ्या अंगणभर घरंगळले.

"चिमण्या मारायचे छर्रे," स्टोयचे म्हणाला. "शिसं मी रोज बघतो. मला ओळखू आलं नाही."

"जाड काठीत जास्त, बारीक काठीत कमी," नेवेंका म्हणाली. "गरम शिशात मेण वितळतं, छर्रे त्यात मिसळतात. मेणाचा वास येऊ नये म्हणून तुळस. एवढीच ती विद्या."

ब्लागोयाने खाली वाकून एक छर्रा उचलला, तळहातावर तोलला आणि तोंड लपवून खाली बसला. अर्सो गोठ्याच्या बाजूने निघून जात होता. दोघांनी त्याला बखोटीला धरून परत आणलं. तोंडाने तो "सैतानाचा काळ, सैतानाचा काळ" करत होता. पण आता त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

रायना सुनेसमोर येऊन उभी राहिली. तिचे हात अजून परात धरल्यासारखे अर्धवट वर होते.

"ते पाणी," ती म्हणाली. "मी तिला पाजलं. माझ्या हातानं."

नेवेंकाला तिच्यावर ओरडायचं होतं. इतके महिने तोंडात आलेलं सगळं बोलायचं होतं. पण समोर म्हातारी एवढीशी झाली होती. "तुम्ही तिला बरं करायला पाजलंत, आई," ती एवढंच म्हणाली.

"मला खरं सांग. किती आहे तिला?"

हा प्रश्न त्या गावात कोणी मोठ्याने विचारत नसे आणि त्याचं उत्तर सांगायला नेवेंकाला मनाई होती. सांगितलं तर उद्या नोकरी गेली, कदाचित स्टोयचेचीसुद्धा. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"अठ्ठावन्न," ती मोठ्याने म्हणाली, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी. "दहासुद्धा असता कामा नये."

मग एक बाई आपल्या मुलाला पोटाशी धरून म्हणाली, "आणि आमच्या पोरांचं?"

"मोजल्याशिवाय सांगता येणार नाही आणि मोजल्याशिवाय कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. माझ्यावरसुद्धा नाही. उद्या सकाळी सातला मुलांना घेऊन दवाखान्यात या. हात साबणाने धुवून आणा. मला तिथून हाकलायच्या आत जितक्यांचं होईल तितक्यांचं रक्त काढते आणि आकडा कागदावर लिहून तुमच्या हातात देते. नमुना खराब आहे असं कोणी म्हटलं, तर त्याला म्हणा, पुन्हा मोजा, आमच्यासमोर मोजा. अर्सोला आपण एवढंच म्हणालो असतो, तर पहिल्याच रविवारी हे छर्रे बाहेर पडले असते. आपण तराजू तपासला आणि काठी तपासली नाही."

तिने पायाशी आलेला एक छर्रा उचलला.

"आणि आपल्या पोरांना भीतीनं धरलेलं नाही. त्यांना शिशानं धरलंय. ते चिमणीतून येतं, अंगणातल्या धुळीतून येतं, पाळीवरून घरी येणाऱ्या कपड्यांतून येतं. ते कोणी ओतून काढू शकत नाही. औषधानं थोडं उतरतं, बाकीचं आत जाऊ न देणं, एवढंच आपल्या हातात आहे. कारखान्यावर आपली पोटं आहेत, मला ठाऊक आहे. माझंही पोट तिथेच आहे. पण विचारायला तरी सुरुवात करू या."

बरीच माणसं खाली मान घालून छर्ऱ्यांकडे बघत होती. काहीजण मात्र नदीपलीकडच्या चिमणीकडे बघत होते, कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच पाहिल्यासारखे.

स्टोयचेने खिशातून गाडीची किल्ली काढली. नेवेंकाने त्याची वाट अडवली.

"स्कोप्येला निघालास?"

"हो."

"तिला परत आणायला?"

स्टोयचेने नकारार्थी मान हलवली. त्याने स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं, बाहीवर बोट फिरवलं, आणि राखाडी झालेलं ते बोट बराच वेळ न्याहाळलं.

"तिच्याजवळ बसायला," तो म्हणाला. "पण आधी घरी जाऊन अंघोळ करतो. हे कपडे बदलतो. रोज याच कपड्यांनी मी तिला उचलत होतो गं."